समोरच्या घरी केलेला पाहुणचार

माणसं एकमेकांना घरात कशी घेतात, ते बघायची मला पहिल्यापासून हौस. परळची खोली सोडून मुलुंडला आम्ही राहायला गेलो तिथे एका मजल्यावर चार घरं आणि चार तऱ्हा. आम्ही कोकणातले. पाहुणा दारात दिसला की आधी "कधी इलास?" आणि लगेच "आता जेवूनच जा," हे सांगून मोकळं व्हायचं, मग टोपात भात असो नसो. समोरच्या गुजराती भाभी काही विचारायच्याच नाहीत. तुम्ही चप्पल काढेपर्यंत पाणी हातात आणि "नको नको" म्हणेपर्यंत ताटलीत दोन प्रकार पडलेले. येताना "जय श्रीकृष्ण", जातानाही "जय श्रीकृष्ण". मला ते फार आवडायचं. एकाच शब्दात या पण आणि परत या पण.

आणि आमची कोळीण? तिला असलं काही लागायचंच नाही. चार दिवस मासळी घेतली नाही तर दारात टोपली आपटून विचारायची, "मेलीस का जिती ग बाय?" तिचं क्षेमकुशल ते तसं.

तर ऐंशी सालानंतरची गोष्ट. गिरणी बंद पडल्यावर आमचे हे भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरला लागले होते. माझा धाकटा दीर फोर्टात नोकरीला. सासूबाई गेल्या तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, माझ्याच हाताखाली वाढला. मी त्याला भावजी म्हणायची एवढंच, बाकी माझा मोठा मुलगाच तो. एक दिवस भाजी निवडत बसले होते तर शेजारी येऊन बसला आणि माझ्याबरोबर मेथी निवडायला लागला. हा माणूस उगाच मेथी निवडणाऱ्यातला नाही. म्हटलं, "बोला आता."

"वहिनी, ऑफिसात एक मुलगी आहे. घाटकोपरची."

"बरं."

"गुजराती आहे."

मी म्हटलं, "तरीच मेथी."

यांनी तोंड वाकडं केलं, पण आठवडाभरच. मुलीचे आईवडील घर बघायला येणार ठरलं तेव्हा खरी माझी परीक्षा. ती माणसं कांदा-लसूणसुद्धा बेताबेताने खाणारी, आणि आमच्या घरच्या भिंतींनाही बांगड्याचा वास. आठ दिवस आधीपासूनच मासळी बंद. सगळी भांडी चिंच-राख लावून घासली, सहा नवे ग्लास आणले. ती मंडळी आली, पाणी प्यायली, चहा प्यायली, वडिलांनी तर शिरा मागून घेतला. कोणी काय खातं हा विषय त्यांनीही काढला नाही, आम्हीही नाही.

मग घाटकोपरला त्यांच्या घरी गोळधाणा झाला. आपला साखरपुडा तसा त्यांचा गोळधाणा. गूळ आणि धणे एकत्र करून हातावर ठेवतात, झालं नातं पक्कं. मला ते इतकं गोड वाटलं! कुठेही मिळणाऱ्या दोन गोष्टी, पण अख्खं घर त्याभोवती गोळा झालं होतं.

पुढच्या रविवारी तारीख ठरवायला मुलीचे वडील एकटेच आमच्याकडे आले. सकाळचे अकरा, ऊन मी म्हणत होतं, तीन जिने चढून माणूस घामाघूम. मी पाणी आणायला आत वळले आणि दारात टोपली आपटली.

"अगो बाय, पापलेट आनलीय, फडफडीत! पंधरा दिस दार बंद केलंस ती? मेलीस का जिती?"

मी डोळ्यांनी खुणा केल्या. ती कसली ऐकते! आत डोकावून व्याह्यांना म्हणाली, "पावनं आलेत व्हय? मंग दोन जास्त घे."

तिला कसंबसं घालवलं आणि पाणी पुढे केलं. व्याह्यांनी हात जोडले. "नहीं बेन, रहने दो." चहा? हात जोडले. साखरेचा एक दाणा तरी? परत हात जोडले. कपाळावरून घाम गळतोय, ओठ सुकलेत, आणि माणूस हात जोडून बसलाय. यांनी मग तारखेची गोष्ट काढलीच नाही. "पुढच्या रविवारी बोलू," म्हणून व्याही उठले.

दार लागलं तसे हे उसळले. "बघलंस? गिलासाक हात लावल्यान नाय! त्या दिवशी ह्याच घरात पाणी पियालो, आज मासोळी बघल्यान नी आमचा पाणी बाटला? आमचो भाव काय रस्त्यार पडूक नाय. मोडला लगीन!"

भावजी खिडकीशी उभे होते. म्हणाले, "दादा, मी मासे सोडतो."

"तू सोड. मी नाय सोडूचंय. आणि माझ्या घरात माझ्याच पाण्याक कोण नाक मुरडता, ता माका चलूचा नाय." पुढच्या रविवारी व्याही आले की तोंडावर नाही सांगायचं, हे यांनी पक्कं केलं. भावजी त्या दिवशी जेवले नाहीत. ताट माझ्याकडे सरकवून म्हणाले, "वहिनी, तूच बघ गं काहीतरी." काय बघणार? मलाही तोच राग आला होता. इतकी भांडी घासली ती काय यासाठी?

बुधवारी भाभींची वाटी परत द्यायला गेले. रिकामी वाटी देत नाहीत म्हणून थोडी साखर घातली होती. त्यांनी तोंड बघूनच बसवलं. मी सगळं सांगितलं, कोळणीसकट. भाभी मध्येच थांबवून म्हणाल्या, "गोळधाणा थई गया ने?"

"हो, दहा-बारा दिवस झाले."

भाभी जोरात हसल्या. म्हणाल्या, "अगं मग ते कसं पिणार? दीकरीना घरनुं पाणी पण ना पिवाय! गोळधाणा झाला, तुझं घर आता त्यांच्या मुलीचं घर झालं. मुलगी दिली तिथे बापाने घ्यायचं नसतं काही. माशाचं काय घेऊन बसलीस?"

"मग सांगायचं ना तसं!"

"ते कशाला सांगतील? त्यांना वाटलं तुम्हाला माहीत असणारच. माझे वडील इथे येतात तेव्हा मी काय करते? शेजारच्या काकींकडे बसवते."

मी साखरेची वाटी तशीच हातात घेऊन घरी परतले. हे कामावरून आले, पाय धुतले, तेव्हा सांगितलं. यांनी पंचाने पाय पुसले. मग म्हणाले, "तुझो बापूस आमच्या परळाच्या खोलीत कधी जेवलो गो?"

मी आठवायला लागले. माझे वडील गावाहून यायचे, फणसाचे पापड, आमसुलं असं सगळं उतरवायचे, उंबरठ्याजवळ बसून माझी विचारपूस करायचे आणि जेवायला मात्र गावकऱ्यांच्या खोलीवर जायचे. मला वाटायचं आमची खोली लहान म्हणून संकोचतात. माझ्या पहिल्या मुलाच्या बारशाला पहिल्यांदा पाटावर बसले.

"म्हणजे तेंचापण ताच," हे म्हणाले, "नी आमचापण ताच. आम्ही मुंबैक येवन इसारलो." मग जरा ओशाळून, "पण बिचारो घामान भिजलेलो गो त्या दिवशी. मी पंखोसुद्धा फास्ट करूक नाय."

अशी आमची चूक. आमच्या डोक्यात मासा इतका बसलेला, की दुसरं काही असू शकतं हे सुचलंच नाही.

पण मग पाहुणचार कसा करायचा? रविवारी भाभींनी आपल्या घराची चावीच माझ्यापुढे टाकली. "माझं स्वयंपाकघर, माझं पाणी, हात तुझे. त्यात त्यांना काही बोलता येणार नाही." मी त्यांच्या ओट्यावर चहा केला, भाभींच्या रव्याचा शिरा केला. व्याही जिना चढून आले तसे हे पुढे झाले आणि हात धरून त्यांना समोरच्या दारात घेऊन गेले. "इकडे या. हे तुमच्या मुलीचं घर नाही."

व्याही भाभींच्या घरात शिरले. मग आधी पाण्याचे दोन ग्लास प्यायले, एकामागून एक. तोंड पुसून म्हणाले, "मागच्या वेळी जीव गेला होता हो माझा. खाली उतरून उसाचा रस प्यायलो, तीन ग्लास."

यांच्या मनात खुपत होतं ते यांनी विचारून टाकलं. "आम्ही मासे खातो, त्याचं?"

"कोकणातली माणसं," व्याही म्हणाले, "काय दुधीभोपळ्यावर जगतात? मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तरी पाणी प्यालो ना? मुलगी खाणार नाही, तेवढं सांभाळा."

"तिची भांडी वेगळी ठेवीन," मी म्हटलं.

"भांडी नको वेगळी, बेन. घरात आहे तर घरातल्यासारखी राहू दे."

मग तारीख निघाली, आणि दोघांचं सुरू झालं. व्याही सांगत होते, आमच्यात सासू दारातच जावयाचं नाक ओढते, ताठा उतरावा म्हणून. हे म्हणाले, आमच्यात मुलीचा भाऊ कान पिळतो. "मग दोन्ही करू," व्याही म्हणाले. भावजी दारात उभे होते, म्हणाले, "मी रजिस्टर लग्न करतो."

लग्न झालं, नाक आणि कान दोन्ही झालं. जाऊबाई आमच्यातच राहिल्या. त्यांना मुलगी झाली तेव्हा मी व्याह्यांना म्हटलं, आता तरी चालेल ना आमचं पाणी? त्यांनी हात जोडले. काहींच्यात नातवंडानंतर चालतं, त्यांच्यात नाही. मी रागावले नाही. आपल्या मुलीच्या घरावर आपला एवढाही भार नको, म्हणून तहान मारणारा माणूस. अशा माणसाला आग्रह करणं म्हणजे त्याला हलकं करणं. इतकी वर्षं ते यायचे, समोरचं दार उघडायचं, आणि मी भाभींच्या ओट्यावर चहा टाकायची.

मग भाभींनी घर विकलं, मोठ्या मुलाकडे बोरीवलीला निघाल्या. सामान भरत होतं त्या दिवशी व्याही नेमके आले. टेम्पोतलं कपाट बघून जिन्यातच थांबले. "बेन," म्हणाले, "आता मी पाणी कुठे प्यायचं?"

मी म्हटलं, "नवीन बिऱ्हाड तमिळ आहे. बाई चांगल्या आहेत, मी परवाच बोलून ठेवलंय. फक्त त्यांच्याकडे चहा नसतो. कॉफी चालेल ना?"