मेंढरं किती होती?

कोर्टाच्या मालिका मला शांतपणे बघता येत नाहीत. तालुक्याच्या कोर्टात मी तीस वर्षं लघुलेखक होतो. न्यायाधीश सांगतील ते टाइप करायचं, साक्षीदार रडायला लागला तरी टाइप करायचं, आणि दोन वकील भांडायला लागले की बोटं थांबवून छताच्या पंख्याकडे बघत बसायचं. त्यामुळे पडद्यावरचा न्यायाधीश लाकडी हातोडा आपटायला लागला की माझं डोकं फिरतं. आमच्या कोर्टात हातोडा नव्हता. काचेचा एक पेपरवेट होता, त्याचाही टवका उडालेला, आणि तो कधी कुणी आपटला नाही.

निवृत्त झाल्यावर आम्ही नवरा-बायको देवगाव फाट्याजवळच्या माझ्या गावी राहायला आलो. मुलाने पुण्याहून मोठा टीव्ही पाठवला आणि त्यावर नव्या मालिका दिसायची सोयही करून दिली. तेव्हापासून आमची पुढची खोली गल्लीच्या मालकीची झाली. एका रविवारी दुपारी वकिलांच्या नव्या मालिकेचा पहिला भाग येणार होता. जाहिरात महिनाभर चालली होती. गल्लीतला शिंपी गळ्यात टेप तशीच ठेवून आला, त्याची बायको शेंगा घेऊन आली, आणखी दोन-चार जण सतरंजीवर बसले. आणि दाराशी, चौकटीला टेकून, पलीकडच्या घरची मेंढरंवाली बसली.

तिची हकीगत आधी सांगायला हवी. तिने आणि तिच्या नवऱ्याने जन्मभर मेंढरं राखली. दोन वर्षांपूर्वी फाट्यावरून कळप पार करताना एका मोटारीने नवऱ्याला मागून उडवलं आणि मोटार निघून गेली. त्याचा पाय गुडघ्यात मोडला तो पुन्हा सरळ झालाच नाही. तेव्हापासून तो अंगणातल्या बाजेवर असतो आणि कळपामागे ती एकटी जाते. पुढे मोटार सापडली, मालकही सापडला. पण मालकाचं म्हणणं, त्या दिवशी गाडी मी चालवतच नव्हतो. चालवणाऱ्याचं तोंड बघितलेलं माणूस एकच, ती. तिने कोर्टात ओळखला तर केस उभी राहणार, नाहीतर तो मोकळा. तिची साक्ष त्याच आठवड्यात गुरुवारी होती. हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, आणि त्या दुपारी ते आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात नव्हतं.

मालिका सुरू झाली. खून, पाऊस, पोलिसांच्या गाड्या, सगळं यथासांग झालं. मग कोर्ट आलं. कोर्ट कसलं, लग्नाचं मंगल कार्यालयच ते. मी लगेच सुरू केलं, की साक्षीदाराच्या इतक्या जवळ वकिलाला जाऊ देत नाहीत, एवढं लांब भाषण तर न्यायाधीश दुसऱ्या वाक्यालाच तोडतील. बायकोने डोळे वटारले तेव्हा गप्प बसलो.

साक्षीदार होती एक म्हातारी फुलवाली. देवळाच्या पायऱ्यांवर बसून तिने खुनी पळताना बघितला होता. आरोपीची वकीलीण तरुण, देखणी, आवाज सुरीसारखा. तिने विचारलं, तुम्ही या पायऱ्यांवर किती वर्षं बसता? वीस. मग पायऱ्या किती आहेत? म्हातारी गडबडली. सात म्हणाली. वकीलिणीने फाइलमधून फोटो काढून दाखवला. पायऱ्या नऊ होत्या. "जिला रोजच्या पायऱ्या सांगता येत नाहीत, ती खुनी काय ओळखणार?" म्हातारी तोंडावर पदर घेऊन कठड्यातून खाली उतरली आणि पहिला भाग संपला.

खोलीत टाळ्या पडल्या.

"बोलतीच बंद केली की म्हातारीची!" शिंपी म्हणाला. "वकीलीण लय भारी हाय."

"अन् कोटात कसली दिसायली," त्याची बायको म्हणाली. "दुसरा भाग कवा हाय?"

माझी बायको तेवढी वेगळं बोलली. "ती म्हातारी घरी जाऊन जेवली असेल का हो?" म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो.

मग शिंप्याने मला विचारलं, "साहेब, खरंच असं व्हतं का कोर्टात?"

इथे मी माती खाल्ली. मघाशी ते कोर्ट कसं खोटं आहे हे सांगणारा मी, कुणीतरी मानाने विचारल्याबरोबर फुगलो. मांडी बदलून म्हणालो, "हे काहीच नाही. मी याहून वाईट बघितलंय. एक आकडा चुकला की साक्षीदार संपला." सगळ्यांनी माना डोलावल्या. बायको कप गोळा करायला उठली तेव्हा दाराजवळचा चहा तसाच होता, वर साय धरलेला. मेंढरंवाली केव्हा उठून गेली ते कुणाला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. आत आली नाही, ओट्याखालीच उभी राहिली.

"भाऊ, मी गुरुवारी येनार न्हाई. सरकारी वकिलाला सांगा."

"का? काय झालं?"

"मला मेंढरं किती व्हती म्हनून इचारतील. मी काय सांगू?"

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं. तिच्या घराण्यात मेंढरं मोजत नाहीत. आकडा तोंडातून निघाला की नजर लागते, कळप घटतो, असं ते मानतात. संध्याकाळी ती वाड्याच्या तोंडाशी उभी राहते, एकेक मेंढरू समोरून आत जातं, आणि कोणतं आलं नाही ते तिला तोंडावरून कळतं. जन्मात तिने एक-दोन-तीन केलेलं नाही. म्हणजे टीव्हीवरच्या त्या म्हातारीच्या जागी ती स्वतःला बघून गेली होती, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

"अहो, ते नाटक आहे!" मी खेकसलो. चूक माझी असली की मला जास्त राग येतो.

"तुमीच म्हनलाव, याच्याहून वाईट असतंय."

बायको आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली आणि तिने तिला हाताला धरून वर आणलं. "घरी काय म्हणतात?" तिने विचारलं.

"त्यांना सांगितलंच न्हाई. दोन साल झाले, तारखा मोजायलेत ते. गल्लीतले लोक म्हनतात, डुलकी लागली असंल, रस्ता बघितला नसंल. ह्यांना एवढंच पायजे की साहेबानं म्हनावं, ह्याची चूक न्हवती." असं म्हणून ती जमिनीकडे बघत राहिली. "अन् मी तिथं जाऊन समदं मोडून ठिवलं तर?"

माझ्यासारख्याने तिला एवढंच सांगायला हवं होतं, की माहीत नसेल ते माहीत नाही म्हणा, कोर्टात ते चालतं. पण तेवढ्यावर वकील तिला सोडणार नाहीत अशी मला भीती होती. पोलिसांनी घेतलेल्या तिच्या जबाबाची नक्कल मी मागवली आणि वाचली. त्यात लिहिलं होतं, अंदाजे पन्नास मेंढ्या.

"ही पन्नास कुठून आली?"

"जमादारानं लिवलं असंल. मी तर बोललेच न्हवते."

"मग तुम्ही पन्नासच सांगा. तुम्ही कुठं मोजलीत? जमादाराने मोजली. नजर लागलीच तर त्याची लागेल."

ती हसली नाही, पण तिचा चेहरा जरा सैल झाला. "पन्नास," ती पुटपुटली. बायकोकडे बघून पुन्हा म्हणाली, "पन्नास." साक्षीदाराला पढवणं गैर आहे हे मला कुणी शिकवायला नको होतं. "शिकवल्याप्रमाणे मी खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही," हे वाक्य प्रत्येक उलटतपासणीच्या शेवटी मी स्वतः टाइप केलेलं आहे, इतक्या वेळा की बोटं ते आपोआप मारायची. तरी मी पढवलं. मला वाटलं, मी उपकार करतो आहे.

गुरुवारी तिच्या नवऱ्याला ऑटोतून आणलं. त्याची साक्ष मागच्या तारखेलाच झाली होती. मागून धडक बसली, तोंडावर पडलो, पुढचं आठवत नाही, एवढीच. म्हणून त्याला आत बसायला मिळालं. शेवटच्या बाकावर तो माझ्या शेजारी कुबडी मांडीवर घेऊन बसला. माझ्या जुन्या खुर्चीत आता मीच शिकवलेली एक मुलगी होती. तिने मला बघून हळूच मान हलवली.

पट्टेवाल्याने पुकारा केला. मेंढरंवाली कठड्यात गेली, शपथ घेतली. सरकारी वकिलांनी विचारलं तेवढं तिने नीट सांगितलं. गाडी चालवणारा इथे आहे का, म्हटल्यावर तिने सरळ बोट केलं. तो मनुष्य खिडकीकडे बघत राहिला.

मग आरोपीचे वकील उठले. ते मालिकेतल्यासारखे नव्हते. वयस्क, पोट सुटलेले, आणि आवाज साखरेसारखा.

"बाई, त्या दिवशी मेंढरं किती होती?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

"तिकडे काय बघता? इकडे बघा. किती होती?"

"पन्नास म्हन म्हनले व्हते."

"कोण म्हणालं होतं?"

"ते भाऊ. ते काय, मागं बसलेत." तिने माझ्याकडे बोट दाखवलं, मघाशी आरोपीकडे दाखवलं होतं तसंच. "पन मी मोजीत न्हाई साहेब. आमच्यात मोजीतच न्हाईत. मी शपथ घिऊन आकडा कसा सांगू?"

अख्खं कोर्ट वळून माझ्याकडे बघत होतं. पट्टेवाला, कारकून, ज्यांच्याबरोबर मी डबे खाल्ले ते सगळे. टाइप करणाऱ्या मुलीची बोटं थांबली. न्यायाधीश मला म्हणाले, "तुम्ही? तुम्हाला हे कळायला नको?" मी उभा राहून म्हणालो, "चुकलं साहेब." धरणी पोटात घेईल तर बरं, असं आयुष्यात एवढ्या मनापासून मला कधी वाटलं नव्हतं. न्यायाधीशांनी ते सांगून लिहून घेतलं. ज्या कोर्टात मी तीस वर्षं दुसऱ्यांचं लिहिलं तिथे माझंही लिहिलं गेलं.

वकिलांना तर आयतंच सापडलं. "म्हणजे शिकवलं ते तुम्ही बोलता. मग हा माणूसही तुम्हाला कुणीतरी शिकवूनच दिलाय."

"न्हाई."

"पन्नास शिकवलं, तसंच हेही."

"न्हाई साहेब." तिचा आवाज चढला नाही. "ह्यो मानूस मला कुनी सांगाया लागत न्हाई. ह्यानं गाडी थांबवली. काच खाली केली. आमचे मालक सडकंवर पडलेले, त्यांच्याकडं चांगलं बघितलं. माझ्याकडं बी बघितलं. मी हात जोडले. मग ह्यानं काच वर केली अन् गेला."

माझ्या शेजारी कुबडी फरशीवर पडली, ती मी उचलायला गेलो तर तो कठड्यातल्या बायकोकडे बघतच होता.

वकिलांनी कागद चाळले. "हे तुमच्या पोलिस जबाबात नाही."

"न्हाई."

"का नाही?"

"जबाब दवाखान्यात घेतला. ह्ये बाजूच्याच खाटंवर जागे व्हते."

वकिलांनी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले आणि खाली बसले. शेवटचं ते वाक्य आलंच, शिकवल्याप्रमाणे खोटी साक्ष देत आहे हे म्हणणे खरे नाही. ती मुलगी ते टाइप करत होती तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. मेंढरंवालीला अंगठा उठवायला सांगितलं, तो तिने उठवला.

निकाल अजून लागायचा आहे. सरकारी वकील म्हणतात, साक्ष टिकेल. जी बाई स्वतःच्या बाजूचं खोटं स्वतःच उघड करते तिच्यावर विश्वास ठेवायलाच लागतो. ते काही असो, मी त्या दिवशी बाहेर येऊन तिच्यासमोर हात जोडले. ती म्हणाली, "भाऊ, राग मानू नका. तोंडातून निघंचना ते." उलट तिलाच वाईट वाटत होतं. माझ्या डोळ्यात पाणी आलं हे मी लपवत नाही.

नवरा व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. ती त्याला उठवायला वाकली तर तो उठेना.

"त्यो थांबला व्हता?" त्याने विचारलं.

"व्हय."

"बघून गेला?"

"व्हय."

"दोन साल झाले. मला कामून न्हाई सांगितलंस?"

ती त्याच्या बाजूला पायरीवर बसली. त्याचा आखडलेला पाय तिने हाताने जरा सावलीत सरकवला.

"सांगितलं असतं तर तुमी अजूक त्या सडकंवरच पडून राहिला असताव," ती म्हणाली.

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "अन् तू दोन साल एकलीच तिथं उभी व्हतीस की गं."