वहिनींचा पिवळा झेंडा

वहिनींचं पडद्यांचं दुकान आहे. दिवसभर गळ्यात मापाची टेप, ओठांत टाचण्या आणि समोर एखादं जोडपं, ज्याचं राखाडी की निळा यावर काही केल्या एकमत होत नाही. अशा बाईला वेगाचं वेड आहे हे शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटायचं नाही. पण अधूनमधून एखाद्या रविवारी त्या आपल्या जुन्या छोट्या गाडीतून मागची सीट, छत्र्या, पायपुसणी, सगळं उपसून काढायच्या आणि गाडी गावाबाहेरच्या शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायच्या. घरीदारी ज्याला त्याला त्यांना ‘हळू चालव’ म्हणायची सवय. तिथं मात्र कुणी म्हणत नसे. स्टिअरिंग हातात धरलेल्या वहिनी मनापासून सुखी असत.

हा नाद लावला त्यांच्या धाकट्या दिराने. त्याच्यामुळे सगळी गाडीवेडी मंडळी त्यांना वहिनीच म्हणू लागली आणि असा दिवस ठरवायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलं. गाडी चालवायला सगळ्यांना हवी, पण ट्रॅकवर रुग्णवाहिका उभी ठेवण्यासाठी फोन करायचा म्हटलं की एकेकाला घरची कामं आठवायची.

गेल्या खेपेला मात्र घात झाला. पाळ्या लावताना प्रत्येकाने आपापली सोय पाहिली आणि वळणावर झेंडा घेऊन उभं राहायला माणूसच उरला नाही. सगळेच पालखीत बसले तर उचलणार कोण? एकाची गाडी घसरून वळणावर आडवी झाली, मागून येणाऱ्याला इशारा मिळाला नाही आणि तो येऊन धडकला. माणसं वाचली, पण ट्रॅकच्या मालकांचा पारा चढला.

“यापुढे गाडीला गाडी नुसती घासली तरी फाटकाला कुलूप. कायमचं,” त्यांनी बजावलं. वयस्कर माणूस, बोलले की बोलले. जवळपास दुसरा ट्रॅक नव्हता.

पुढच्या दिवसाची आखणी करायला मंडळी दुकानात जमली तेव्हा वहिनींनी पडद्यांच्या उरलेल्या कापडातून भडक पिवळे झेंडे शिवून ठेवले होते. नियम त्यांनी एका दमात सांगितला. जितका वेळ गाडी चालवायची, तितकाच वेळ आधी वळणावर झेंडा धरायचा. झेंडा वर गेला की सगळ्यांनी वेग कमी करायचा, कुणी कुणाला ओलांडायचं नाही.

दातांच्या डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांची गाडी सगळ्यांत महागडी. “अहो वहिनी, मी काय उन्हात झेंडा धरायला येऊ?”

“तुम्ही दाढ काढता तेव्हा दिवा कुणीतरी धरतंच ना, डॉक्टर?”

दीर खो खो हसला. त्याच्याकडे वळून वहिनी म्हणाल्या, “भावजी, तुमचं पहिलं वळण. टोपी आणा.” त्याचं हसू जागच्या जागी विरलं.

ठरल्या रविवारी मालक स्वतः फाटकापाशी खुर्ची टाकून बसले, हाताची घडी घालून. सकाळ सुरळीत गेली. उन्हाने लालबुंद झालेले डॉक्टर लांबच्या वळणावर उभे होते आणि एखाद्या रुसलेल्या माणसासारखे झेंड्याची काठी दुसऱ्याच दिशेला धरून होते. वहिनींची चालवायची पाळी होती. त्या दिवशी त्यांची गाडी अशी काही पळत होती, की बोलायची सोय नाही. समोर दिराची गाडी. आयुष्यात पहिल्यांदा त्या त्याला ओलांडणार होत्या.

तेवढ्यात दिराच्या गाडीखालून फस्सकन पाणी उडालं. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पाइप त्याने आदल्या दिवशी स्वतःच बदलला होता. मेकॅनिककडे जायला कमीपणा वाटला. फुटला तो नेमका लांबच्या वळणावर. क्षणात रस्ता बुळबुळीत झाला आणि दिराची गाडी गर्रकन फिरून आडवी उभी राहिली.

पण डॉक्टरांचा झेंडा वर गेला होता! दोन्ही हातांनी धरून, उड्या मारत, घसा फोडून ओरडत ते तो हलवत होते. वहिनींनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. मागच्यांनीही उचलला. सगळ्या गाड्या एकामागून एक, आजारी माणसाच्या खोलीत पाऊल टाकावं तशा हलकेच, दिराच्या बाजूने निघून गेल्या. कुणाच्या रंगाला ओरखडासुद्धा आला नाही.

फाटकापाशी थांबल्यावर मंडळींनी एकच जल्लोष केला. डॉक्टरांना तर खांद्यावर घेतलं. “पाहिलंत ना? मी वाचवला, मी!” ते ज्याला त्याला सांगत होते आणि कुणी नाही म्हणत नव्हतं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

मालक खुर्चीतून उठले. ते सावकाश चालत वहिनींजवळ आले.

“तुमच्या नियमाने,” ते घसा खाकरून म्हणाले, “माझ्यासारख्याला जरा गाडी फिरवायची असेल, तर आधी उभं कुठं राहायचं?”

वहिनींनी डॉक्टरांच्या हातातला झेंडा काढून मालकांच्या हातात दिला. “लांबचं वळण, काका. आणि टोपी घाला.”

मालक झेंडा खांद्यावर टाकून निघाले. ट्रॅक त्यांचाच होता, पण त्या वळणावर पायी जाण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.