चिमूटभर कापूस

चिखलीजवळच्या एका जिनिंगमध्ये मी कापसाची प्रत ठरवणारं मशीन बसवायला गेलो होतो. मशीनला आधी शिकवावं लागतं, म्हणून मालकांनी तिथल्या जुन्या ग्रेडरला माझ्यासोबत बसवलं. पंधरा दिवस आम्ही शेजारी बसलो, एकत्र चहा प्यायलो. त्यांचं नाव मात्र मी कधी विचारलं नाही. मी त्यांना काका म्हणायचो आणि माझ्या फॉर्मवर नुसतं ‘ऑपरेटर’ लिहायचो.

गाडीतला चिमूटभर कापूस ते दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ओढत. धागा तुटताना डोळे मिटत आणि मग प्रत सांगत. मी ती टाइप करायचो. ओढलेला कापूस ते खाली टाकत नसत, शर्टाच्या खिशात ठेवत. संध्याकाळपर्यंत खिसा फुगून येई.

मशीन शिकलं की आपलं काम संपणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आज तरी हे मुद्दाम चुकीचं सांगतील, असं मला रोज वाटे. शेवटच्या दिवशी न राहवून विचारलंच, “काका, खोटं का नाही सांगितलं?”

“मनात तं लय आलं, साहेब,” ते म्हणाले. “पण कापूस हातात घेतला का खोटं सांगताच येत नाई मले.”

मशीन एकदाही चुकलं नाही. ‘आता या कामाला माणूस लागणार नाही’ असं मीच अहवालात लिहिलं.

पुढच्या हंगामात दुरुस्तीसाठी गेलो, तर त्यांच्या खुर्चीवर मशीनचं कव्हर घडी करून ठेवलेलं होतं. गेटवर चौकशी केली. पहारेकरी नवा होता. त्याने विचारलं, “नाव काय त्याईचं?”