वीस वाक्यांतलं एकच नाव

रविवार, २ जुलै १९७८. वर्धा, आमच्या शाळेची टोकाची खोली. हजर: दहावीच्या इंग्रजीत राहिलेली चार मुलं, पवनारच्या भाजीवाल्या कुटुंबातली एक सून आणि शिकवणारी मी. इंग्रजी सुटलं की सुनेला नर्सच्या ट्रेनिंगला अर्ज करता येणार होता. सासऱ्यांनी ऑक्टोबरच्या एकाच परीक्षेपुरतं हो म्हटलं होतं.

विषय होता 'हू', 'व्हिच', 'हूज' लावून दोन वाक्यं जोडण्याचा. तशा वीस जोड्या मी वहीत काढून ठेवल्या होत्या. सगळ्या एकाच माणसाबद्दल. पहिला शब्द, म्हणजे त्याचं नाव, फळ्यावर तसाच ठेवायचा, पुढचं तेवढं पुसायचं. सहा दिवस शाळा करून सातव्या दिवशी हात वाचवावासा वाटतो.

मुलं चुकतमाकत वाचायची. तिची पाळी आली की ती उभी राहायची, फळ्याकडे बघायची आणि गप्प. मागून एकजण म्हणाला, "वहिनी तोंडात दही जमवून राह्यली, बाई." ती खाली बसली. पुढचे दोन रविवार असेच गेले. मी तिच्या नावापुढे लिहिलं, तोंडी शून्य.

ऑक्टोबरच्या फॉर्मसाठी हेडमास्तरांना पास होण्याजोग्यांचीच यादी हवी होती. मी चौघांवर खूण केली. तिच्यावर केली नाही.

फॉर्म गेल्यावर ती बाजारात वांगी घेऊन बसलेली दिसली. इतके रविवार येऊन तोंड का उघडलं नाही, असं मी जरा चिडूनच विचारलं. तिनं पोत्याखालून वही काढली. वीसच्या वीस वाक्यं बरोबर जोडलेली, फक्त प्रत्येकाच्या सुरुवातीला नावाच्या जागी छोटी रेघ.

"ते आमच्या मामाजीचं नाव व्हय, बाई. चारचौघात कसं घेऊ?"

मामाजी म्हणजे सासरे. मी स्वतः घरी नवऱ्याचं नाव घेत नव्हते. तरी मला सुचलं नव्हतं.

यादी गेली, हे मी तिला सांगितलं. तिनं माझी वांगी तोलली, पिशवीत घातली, मग म्हणाली, "मार्चसाठी तुमी येऊन मामाजीले सांगजा. तुमचं ऐकतीन ते."

मी हो म्हटलं. घरी येऊन कामांच्या यादीत लिहिलं: पवनार, सुनेच्या सासऱ्यांना भेटणे. पुढच्या रविवारी तपासायच्या वह्या होत्या, त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे, मग मार्चचेही फॉर्म गेले. पवनार इथून बसनं अर्ध्या तासावर आहे. दर वर्षी मी उरलेली कामं नव्या वहीत उतरवते. यंदाच्या वहीत हे तिसऱ्या पानावर आहे, अजून रेघ न मारलेलं.