निलोफरने पुसलेली मुलाखत

मित्रहो, खोपोलीच्या टपरीवर आज सकाळी वड्यासोबत तळलेली मिरची मिळाली नाही. मागूनही नाही. कलियुगाचा चौथा चरण सुरू झाला असावा, अशी दाट शंका आहे.

त्याच शोकात निलोफर भेटली. कुंभिवलीला हायवेवर टायरचं दुकान असलेल्या चाचांची लेक, विद्यापीठात पत्रकारिता शिकते. तिला अभ्यासासाठी एका स्थानिक बातमीदाराची मुलाखत हवी होती, आणि एका चहावर बोलणारा बातमीदार तालुक्यात मीच.

तिने मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. "सर, बातमी आणि जाहिरात वेगळी ठेवायची, असं आम्हाला शिकवतात. तुम्ही कशी ठेवता?"

"एक डाव्या खिशात, एक उजव्या," मी म्हणालो. ती हसली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. एका पुढाऱ्याचा कार्यकर्ता होता, आवाज पार टपरीभर. "सायबांचा वाढदिवस हाय, पानभर जाहिरात देतो. पण ती सायबांच्या वॉर्डातल्या तुंबलेल्या गटाराची बातमी नको हां!"

तालुक्याच्या बातमीदाराला पगार नसतो, जाहिरातीचं कमिशन असतं. मी "बघतो" म्हणालो.

निलोफरने विचारलं, "सर, हे लिहू?"

"लिही की गं."

"मग तुमची जाहिरात जाईल. तुमच्या पोटावर पाय नको." आणि तिने माझ्यासमोर सगळं रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

पोर मायाळू आहे. पण खरं सांगतो, तिने ते पुसलं तेव्हा मला हायसं वाटलं. गप्प बसायचं ती माझ्याकडूनच शिकली की काय, ही काळजी सकाळपासून जात नाही.