साडूंची चार जणांची फौज

घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या पट्ट्यात राक्षस, पिशाच, बोलणारे लांडगे आणि आग ओकणारी इतर मंडळी कशी मारावीत, हे माझ्या थोरल्या साडूंइतकं दुसऱ्या कुणालाही कळत नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. साडू एकसष्ट वर्षांचे आहेत, नाहूरला राहतात, त्यांना मधुमेह आहे आणि घरात झुरळ निघालं तर ते त्याला वर्तमानपत्रावर घेऊन गॅलरीतून बाहेर सोडतात. पण रविवारी सकाळी घावण्यांची ताटली बाजूला सारून, चष्मा पुसून, ते बटणांचं यंत्र मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसले की समोरच्या राक्षसाने आपलं इच्छापत्र करून ठेवावं, अशी परिस्थिती असते.

हा खेळ त्यांच्या मुलीने त्यांना निवृत्तीच्या वेळी आणून दिला. वडील दिवसभर घरात बसून आईच्या फोडणीत लक्ष घालतील अशी तिला रास्त भीती होती. या खेळाचा मोठा गुण असा की यात बोटं भराभर चालावी लागत नाहीत. आधी आपण चाल करायची, मग शत्रूने. आपली चाल ठरेपर्यंत राक्षस तलवार उगारून तासभरसुद्धा ताटकळत उभा राहतो. आपल्याकडे कुठल्याही खिडकीपुढच्या रांगेत इतकी सभ्यता मी पाहिलेली नाही. खेळाच्या सुरुवातीला एक घोगऱ्या आवाजाचा माणूस हजार वर्षांच्या युद्धाची, शापित मुकुटाची आणि अशाच काही गोष्टींची बरीच लांब हकिगत सांगतो. मला वाटतं, साडूंनी ती आजवर कधी ऐकलेली नाही. कंपनीच्या वार्षिक समारंभात अध्यक्ष बोलायला उभे राहिले की ते चहा प्यायला निघून जात, तसंच इथेही एक बटण दाबून थेट कामाला लागतात. "कोण कुणाचा मुलगा ते नंतर बघू," ते म्हणतात. "आधी कोण कुठे उभा आहे ते सांग."

हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर विचारला आहे. भांडुपच्या एका कारखान्यात ते एकतीस वर्षं क्रेन चालवत होते. छपराखालच्या रुळांवरून फिरणारी ती अवजड क्रेन, तिला लटकलेली केबिन, आणि केबिनमध्ये आमचे साडू. तिथून खालची माणसं म्हणजे नुसती डोकी आणि खांदे. या खेळातही सगळं मैदान वरूनच दिसतं. "मला नवीन काही शिकावंच लागलं नाही रे," ते मला म्हणाले, "फक्त लोखंडाच्या जागी राक्षस आला." त्या एकतीस वर्षांत त्यांच्या क्रेनखाली एकाही माणसाला खरचटलं नाही. कारखाना बंद झाला, तिथे टॉवर उभे राहिले, तरी ही एक गोष्ट ते अजून पदकासारखी बाळगतात. फरक इतकाच, की पदकवाले ते दाखवतात. साडूंचं मला त्यांच्या बायकोकडून, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीकडून कळलं.

नवशिक्यांना ते विनामूल्य आणि बहुधा न विचारता सल्ला देतात. इमारतीतल्या दोन बँकवाल्या बाया, वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य आणि माझी बायको असे बरेच जण त्यांच्या हाताखालून गेले आहेत. पाच शत्रूंना थोडं थोडं मारू नका, एकालाच पुरता संपवा, हा त्यांचा पहिला धडा. कारण अर्धमेला राक्षससुद्धा पूर्ण ताकदीनेच मारतो. सगळ्यांनी एका जागी घोळका करून उभं राहू नका, एका आगीत सगळे भाजाल. औषधाच्या बाटल्या जपून ठेवू नका. दंतवैद्यांनी शेवटच्या लढाईसाठी म्हणून चाळीस बाटल्या साठवल्या आणि दुसऱ्याच लढाईत चाळीसही खिशात घेऊन ते गतप्राण झाले, हे उदाहरण साडू त्यांच्यादेखतच देतात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, "मोठ्या साहेबाच्या अंगावर थेट धावून जायचं नाही. आधी त्याचे चमचे कमी करायचे." खेळातल्या प्रत्येक मुख्य राक्षसाला ते साहेबच म्हणतात. छोटा साहेब, मधला साहेब, दलदलीतला साहेब. या एका वाक्यावर मी माझ्या कचेरीत गेली दोन वर्षं तग धरून आहे.

मी स्वतः त्यांचा सर्वांत वाया गेलेला विद्यार्थी. पहिल्या दिवशी मी माझा योद्धा घेऊन तडक पुढे गेलो आणि एका बेडकाकडून मारला गेलो. साडूंनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाले, "तू पुस्तकं बरीच वाचलीयस ना? मग एवढी घाई कसली?"

त्यांच्या स्वतःच्या फौजेत चार जण. कारखान्यातले त्यांचे तीन सोबती आणि ते स्वतः. तलवार घेऊन सगळ्यांत पुढे गुंडू, धनुष्य घेऊन फिटर परब, जखमा भरून काढणारे कॅन्टीनचे तांडेल, आणि मागे एखाद्या उंच दगडावर लांब दाढीचा म्हातारा जादूगार, म्हणजे साडू. हे तिघे खरेखुरे सोबतीही दर रविवारी हजर असतात आणि पडद्यावरच्या आपापल्या माणसाविषयी त्यांच्या तक्रारी चालू असतात. "माझी टोपी बदला, बावळट दिसतो मी," असं परब म्हणतात. तांडेलांना कायम एकच दुःख, "सगळ्यांची मलमपट्टी मीच करायची. मला एकदा तरी कुणाला मारू द्या ना यार!" त्यावर साडू शांतपणे सांगतात, "कॅन्टीनमध्ये तू तीस वर्षं मारलंस की लोकांना."

गुंडूची गोष्ट निराळी. क्रेनवाल्याने हलवण्याचा इशारा फक्त एकाच माणसाचा मानायचा, असा त्या कामाचा नियम आहे. बावीस वर्षं खाली उभं राहून साडूंना तो इशारा करणारा माणूस म्हणजे गुंडू. त्या गोंगाटात हाक ऐकू येत नसे, म्हणून त्यांची मैत्री हातवाऱ्यांतच झाली आणि अजून बरीचशी तशीच आहे. सोफ्याच्या कोपऱ्यातून गुंडू दोन बोटं वळवतो आणि पडद्यावरची फौज डावीकडे वळते. एकही शब्द नाही. मोठी लढाई असली की मात्र गुंडू उठून उभा राहतो, पायातल्या चपला काढतो आणि गावच्या देवळात घालावं तसं रीतसर गाऱ्हाणं घालतो. "बा देवा म्हाराजा, आज ही जी चार लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत, तेंका सांभाळून घे रे म्हाराजा!" त्यावर आम्ही सगळे, अगदी स्वयंपाकघरातून मेव्हणीसुद्धा, "होय म्हाराजा!" म्हणतो. मी या सगळ्याकडे अलिप्तपणे पाहतो, असं मला वाटत असे. एकदा माझाच आवाज सर्वांत मोठा असल्याचं बायकोने दाखवून दिलं.

हा खेळ सोपा, मध्यम आणि अवघड अशा तीन तऱ्हांनी खेळता येतो. साडूंनी चौथी निवडली. तिच्यात मेलेला माणूस परत येत नाही, आणि झालेली चाल पुसून पुन्हा करता येत नाही. दोन वर्षं ते असं खेळत होते. चौघांपैकी एकही पडला नव्हता. गरज पडली तेव्हा ते बिनदिक्कत पळून गेले, एकदा तर जिंकत आलेली लढाई सोडून. "जिंकायची घाई नाही," ते म्हणत. "चौघांना धडधाकट बाहेर काढायचंय." उरला होता फक्त शेवटचा किल्ला आणि त्यातला काळा राजा, म्हणजे सगळ्यांत मोठा साहेब.

आणि नेमकं तेव्हाच गुंडूच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांनी बायपास सांगितलं, बुधवार ठरला. आदल्या शनिवारी गुंडूच्या बायकोचा साडूंना फोन आला. मी तिथेच होतो, आणि ती बाई फोनवरही लांबून हाक मारल्यासारखी बोलते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. "भावोजी, तुमच्या त्या खेळात ह्यांना काही होऊ देऊ नका. मी असल्या गोष्टी मानत नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "पण होऊ देऊ नका."

साडूही असल्या गोष्टी मानत नाहीत. त्यांनी लढाई ताबडतोब पुढे ढकलली.

रविवारी गुंडू आला तो जिन्यात दोनदा थांबून, बायकोचा खांदा धरून. टीव्ही बंद पाहून म्हणाला, "लाव."

"नंतर करू रे. तू बरा होऊन ये, मग निवांत."

"मंगळवारी माका भरती करतले. आज लाव."

"साहेब कुठे पळून जातोय?"

"साहेब नाय जाणा," गुंडू म्हणाला. "पण माका बघूक गावला नाय तर?"

परबांनी उठून टीव्ही लावला. गुंडू गाऱ्हाण्याला उभा राहिला, पण दुसऱ्याच वाक्याला त्याचा श्वास पुरेना, तेव्हा त्याच्या बायकोने ते पुढे नेऊन पुरं केलं. होय म्हाराजा म्हणताना त्या दिवशी कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

ती लढाई साडूंनी अत्यंत वाईट केली. एवढ्या गुणी माणसाला एवढं वाईट खेळताना पाहण्याचा योग विरळा. तलवार घेऊन सगळ्यांत पुढे असायचा तो गुंडू एका खांबामागे उभा, आणि पुढे बिचारे तांडेल हातात मलमाचं भांडं घेऊन मार खात. साडूंनी राजासकट समोरच्या पाचही शत्रूंना थोडं थोडं मारलं. तिघांना एका जागी उभं केलं, आणि तिघेही एकाच आगीत होरपळले. औषधाच्या बाटल्या संपल्या. लढाई बघायला वरून आलेले दंतवैद्य मागच्या खुर्चीतून हळूच म्हणाले, "मी असं केलं असतं तर..." आणि परबांच्या नजरेमुळे गप्प बसले.

शेवटी काळ्या राजाचा थोडाच जीव उरला, आणि आमच्याकडेही फारसं काही उरलं नव्हतं. परबांची त्या फेरीतली चाल होऊन गेली होती. गुंडूच्या तलवारीचा एक वार बसला असता तर राजा तिथेच संपला असता. पण त्याचा पहिला वार चुकला असता, तर राजाचा वार गुंडूवर होता. सोफ्याच्या कोपऱ्यातून गुंडूने हात पुढे केला. मला पुढे ने. साडूंनी तो पाहिला. त्यांनी तो पाहिला, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

मग ते यंत्र हातात धरून बराच वेळ नुसते बसले. राजाही थांबला होता. शेवटी त्यांनी बटण दाबलं, आणि उंच दगडावरचा तो म्हातारा जादूगार एक एक पायरी उतरून खाली आला आणि काळ्या राजाच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला. राजाचा वार त्याच्यावर पडला. त्यानंतरच्या चालीत परबांचा बाण राजाला लागला आणि दोन वर्षांचं युद्ध संपलं. पडद्यावर तुताऱ्या वाजल्या. परबांनी आनंदाने हात वर केले आणि मग हळूच खाली घेतले. मैदानाच्या मधोमध एक लहानसा दगड उमटला होता आणि त्यावर साडूंचं नाव होतं.

"हात केलंय मी," गुंडू म्हणाला. "तुका दिसला नाय?"

"दिसला."

"मग?"

"खाली माणूस होता," साडू म्हणाले, आणि घावणे गार झाल्याबद्दल मेव्हणीकडे तक्रार करायला आत गेले.

बुधवारी आम्ही सगळे हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो. साडू सकाळपासून एकाच जागी, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. ऑपरेशन चांगलं झालं. यात काळ्या राजाचा काही संबंध नाही, सर्जन हुशार होते, हे मी विवेकी माणूस म्हणून नोंदवतो. गुंडूच्या बायकोने मात्र साडूंना पेढ्यांचा वेगळा बॉक्स दिला. त्यांना मधुमेह असल्यामुळे तो मी खाल्ला. शुद्धीवर आल्यावर गुंडू नर्सला म्हणाला म्हणे, "ह्येनी माका लढूकच दिल्यान नाय."

खेळ तिथे संपत नाही. किल्ल्यापलीकडे आणखी एक मुलूख लागतो, तिथे नवे साहेब आहेत. काही महिने साडू तिघांनाच घेऊन हिंडले. आपल्या नावाचा नवा जादूगार सहज करता येतो, हे मी त्यांना दाखवलं. "मेलेला परत येत नाही असं कबूल करून खेळायला बसलोय ना," ते म्हणाले. मी वाद घातला नाही. एवढ्या तेवढ्यावरून शब्द फिरवणारी बरीच मोठी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्यापुढे हे बरं वाटलं.

गेल्या रविवारी गेलो तर फौजेत चौथा माणूस होता. किडकिडीत, खांदे पाडलेला, हातात एक अगदीच साधी काठी. त्याच्याखाली माझं नाव होतं.

"मी बेडकाकडून मेलेला माणूस आहे, दादा," मी म्हणालो.

"माहितीय. म्हणून तुला मधे ठेवलाय." त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. पुढे गुंडू, एका बाजूला परब, एका बाजूला तांडेल. "पहिली लढाई काही करू नकोस. नुसता बघ."

सोफ्याच्या कोपऱ्यातून गुंडूने, आता जरा बारीक झालेल्या हाताने, बोटं हलवली आणि आम्ही चौघं निघालो. मी पडद्यावरच्या माझ्याकडे पाहत होतो. माझ्या भोवती हे तिघे होते आणि त्यांच्यात साडू कुठेच नव्हते. ते इकडे, चष्मा नाकावर सरकवून, एकेकाला जपून पाऊल पुढे टाकायला लावत होते. लढाई बरीच लांबली. आतून मेव्हणीने विचारलं, "अहो, जिंकलात का?"

साडूंनी पडदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट न्याहाळला.

"सगळे उभे आहेत," ते म्हणाले.