बिनपट्टीचा कोरू

दुबईत वाढलेल्या पोरांना एक गोष्ट बालवाडीतच कळते. आईबाप "इन्शाल्ला" म्हणाले की समजायचं, काम होणार नाही. माझी लेक तर अठरा वर्षांची. तिला कॉलेजसाठी कॅनडाला जायचं होतं. तीन आठवडे ती विचारत होती आणि तीन आठवडे मी "बघू, इन्शाल्ला" म्हणत होते. एकुलती एक आहे हो! तिचे पप्पा कधीच हो म्हणून मोकळे झालेले, घोडं अडलं होतं ते माझ्यापाशी. आणि कॉलेजला गुरुवारपर्यंत कळवायचं होतं.

त्याच आठवड्यात ती बाई आली. रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये मी लाकडी जाळ्यांची डिझाइनं करते. चांदण्या, षटकोन, वेलबुट्टी, सांगाल ते झोपेतसुद्धा काढीन. ही बाई न्यूझीलंडची, माओरी, साठीच्या पुढची. तिला घराच्या दाराशी पार्टिशन हवं होतं आणि त्यावर एकच मोठा कोरू. कोरू म्हणजे त्यांच्याकडची पारंपरिक नक्षी. तिने कागदावर पेन्सिलीने काढूनच आणली होती. एक दांडी वर येते, वळते, आत आत गुंडाळत जाते आणि मधल्या गोल ठिपक्यात थांबते. मनात म्हटलं, एवढंच? ही तर अर्धी जिलबी.

आता आमच्या धंद्याचा नियम असा, की जाळीत सुटं टोक ठेवायचं नाही. लोंबतं टोक हलतं, ट्रकमध्ये मोडतं आणि मग गिऱ्हाईक आमच्या नावाने शंख करतं. म्हणून अशा टोकाला शेजारच्या वळणाशी जोडणारी बारीक पट्टी घालायची. सवयीने हात चालला. मी चार पट्ट्या घातल्या, डिझाइन मशीनवर दिलं, खलास.

बुधवारी सकाळी ती न्यायला आली. बघितलं आणि पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिली. माझं इकडे "व्हेरी स्ट्राँग, मॅडम" चालूच. शेवटी तिने मला खुर्चीत बसवलं, माझ्याच खुर्चीत, आणि समजावून सांगितलं. हे नेच्याचं, म्हणजे फर्नचं, कोवळं पान. उलगडण्याआधी ते असंच गुंडाळलेलं असतं. नवा जीव, नवी सुरुवात.

"तुम्ही त्याला बांधून टाकलंत," ती म्हणाली. "आता ते उघडणार कसं?"

अगं बाई! नेचा मी कधी निरखून पाहिला नाही, पण केळीची सुरळी पाहिली आहे की. वसईला आमच्या वाडीत केळीचं नवं पान असंच गुंडाळून वर यायचं. लहानपणी एकदा मी घाईने नखांनी उलगडायला गेले आणि फाडून ठेवलं. बाबांनी असा धपाटा घातला! म्हणाले, "त्याचं ते उघडेल. तू लांब राहा."

तरी मी त्या बाईला विचारलंच, "आणि उघडून लांब गेलं तर?"

ती हसली. म्हणाली, "आतलं वेटोळं बघा. पान बाहेर उलगडतं, पण रेघेचं तोंड आतच असतं, जिथून निघाली तिकडे."

मला रडूच कोसळलं. गिऱ्हाइकासमोर, भर दिवसा! तिने टिश्यू दिला, तोही माझ्याच टेबलावरचा.

मग मी चारही पट्ट्या काढून डिझाइन पुन्हा मशीनवर दिलं. मशीनवाला ओरडला, "मॅडम, टूटेगा!" मी म्हटलं, "हबीबी, मोटा लकडी लगाओ, कुछ नहीं टूटेगा." आणि नाहीच मोडलं. संध्याकाळी बाई तो कोरू गाडीत घालून खुशीत गेली.

घरी पोचले तर लेक सोफ्यावर तोंड पाडून बसलेली. पर्स ठेवायच्या आधीच मी म्हटलं, "कळव त्यांना, येते म्हणून."

तिने डोळे बारीक केले. "रिअल येस? की इन्शाल्ला येस?"

"खरं हो. यल्ला, लॅपटॉप उघड, माझा विचार बदलायच्या आत."

ती धावत येऊन गळ्यातच पडली. मीही तिला घट्ट धरलं. जीव तुटत होता माझा. तरी तिच्या पाठीमागे गुंफलेली बोटं मीच आधी सोडवली.